विशेषणं पाठ होतात पण पेपरात चुकतात : वाचकांचे प्रश्न

या वेळी एन्ट्रन्सच्या इंग्रजीबद्दल, त्यातही विशेषणांबद्दल म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्हबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आणि अख्खा कॉलम यालाच दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बारावी कॉमर्सला आहे, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडीयम. बीबीएच्या सीईटीची तयारी करतेय. क्लासमध्ये हजार अ‍ॅडजेक्टिव्हची लिस्ट दिलीय, इंग्रजी शब्द आणि समोर एक मराठी अर्थ. रोज तीस पाठ करते पण चार दिवसांनी निम्मे जातात आणि जे राहतात ते पण मॉक टेस्टमध्ये गाळलेल्या जागेत चुकतात. माझी मेमरी कमी आहे का?

उत्तर : तुझ्या मेमरीला काहीही झालेलं नाही, हे आधी मनातून काढून टाक. हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, तो निरर्थक अक्षरं पाठ करायचा आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचा, आणि त्यात दिसलं की सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच होते, नंतर ती मंदावते. सुटी लिस्ट पाठ करताना तू जवळपास तेच करतेयस, एका शब्दाचा पुढच्या शब्दाशी काही संबंध नाही, मग डोक्यानं धरून ठेवायचं कशाला धरून? तीसचे दहा कर, आणि ते दहा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा बघ, बघताना अर्थ झाकून आठवायचा प्रयत्न करायचा, नुसती नजर फिरवायची नाही. गळतीचं काम एवढ्यानं बरंच कमी होतं.

पण मला तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, की लक्षात राहिलेला शब्दसुद्धा गाळलेल्या जागेत चुकतो. ती चूक लिस्टची आहे. शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहिला की असं वाटतं दोन्ही शब्द सगळीकडे एकमेकांच्या जागी चालतील, आणि विशेषणांच्या बाबतीत तसं अजिबात होत नाही कारण कुठलं विशेषण येणार हे पुढचं नाम ठरवतं. आपला "मोठा" घे. मोठा भाऊ एल्डर ब्रदर, मोठा आवाज लाउड व्हॉइस, मोठा पाऊस हेवी रेन, मोठी रक्कम लार्ज अमाउंट, मोठं ऑपरेशन मेजर ऑपरेशन, आणि ज्याचं समाजात नाव आहे तो मोठा माणूस ग्रेट मॅन. मराठीत एक शब्द, तिकडे सहा, आणि लिस्टमध्ये मात्र "बिग : मोठा" एवढंच. तसंच "कडक". कडक चहा स्ट्राँग, कडक शिक्षक स्ट्रिक्ट, कडक शिक्षा सिव्हिअर. "उंच" मध्ये माणूस, झाड, इमारत टॉल आणि डोंगर हाय. परीक्षेत चारही पर्यायांचा मराठी अर्थ "कडक" असाच निघू शकतो, मग लिस्टवाला विद्यार्थी अंदाजानं टिक करतो आणि ज्यानं नामासकट शब्द शिकलाय त्याला "पनिशमेंट" दिसलं की "सिव्हिअर" आपोआप आठवतं.

म्हणून वहीत सुटं विशेषण लिहूच नकोस. "सिव्हिअर : कडक" असं नाही तर "सिव्हिअर पनिशमेंट, सिव्हिअर पेन, सिव्हिअर ड्रॉट" असं लिही, ड्रॉट म्हणजे दुष्काळ, आपल्या भागात हा शब्द वेगळा समजवायला लागत नाही. एका विशेषणाला दोन किंवा तीन नामं पुरेत.

दुसरं काम, शब्द घोळक्यानं शिक, म्हणजे जवळच्या अर्थाचे एकत्र आणि त्यातला फरक मराठीतूनच पकड. मराठी मिडीयमचा तुला इथे तोटा नाही, फायदाच आहे, कारण हे फरक मराठीत तुला लहानपणापासून माहिती आहेत. "चौकस" आणि "चोंबडा" यात काय फरक आहे हे तुला कोणी शिकवलं का? दोघंही प्रश्न विचारतात पण एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याला लोक टाळतात. क्युरिअस आणि इन्क्विझिटिव्ह चौकसच्या बाजूचे, नोझी म्हणजे चोंबडा. काटकसरी म्हणजे थ्रिफ्टी, फ्रूगल, आणि चिक्कू म्हणजे स्टिंजी, मायझर्ली. ठाम म्हणजे फर्म, हट्टी म्हणजे स्टबर्न किंवा ऑब्स्टिनेट. बोलण्यावरून बघ, गप्पिष्ट टॉकेटिव्ह, वाचाळ गॅर्युलस, मोजकंच बोलणारा लॅकॉनिक, मनातलं पटकन न सांगणारा रेटिसंट, आणि घुमा म्हणजे टॅसिटर्न. हे पाच शब्द लिस्टमध्ये वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतील कारण लिस्ट एबीसीडीनं लावलेली असते, आणि मला विचारशील तर एबीसीडीचा क्रम डिक्शनरीत शब्द शोधायला चांगला, शिकायला त्याचा उपयोग नाही.

तिसरं म्हणजे वाचन. इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच असं सगळे सांगतात आणि मुलं दोन दिवसांत सोडून देतात, मी म्हणेन क्रिकेट आवडत असेल तर खेळाचं पान वाच. मॅच तू बघितलेली असते म्हणजे काय झालं ते माहिती आहे, फक्त ते इंग्रजीत कसं लिहिलंय एवढंच बघायचं असतं. फ्लुअंट फिफ्टी, पेशंट इनिंग्ज, हॉस्टाइल स्पेल, इरॅटिक बोलिंग, पार्टिझन क्राउड. इरॅटिक म्हणजे ज्याचा नेम नाही, एक बॉल यॉर्कर एक फुल टॉस, हे टीव्हीवर बघितल्यावर तो शब्द विसरता येत नाही. आणि तिथेच इकॉनॉमिकल बोलर भेटतो, म्हणजे कमी रन देणारा, काटकसरी, मग इकॉनॉमिक पॉलिसी आणि इकॉनॉमिकल कार यातला फरक विचारला, आणि हा जोड शब्दांच्या प्रश्नात वरचेवर येतो, तर अडायला नको. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेबद्दलचं, इकॉनॉमिकल म्हणजे पैसे वाचवणारं.

तुझी सीईटी २०२४ पासून सुरू झालीय, पहिल्या वर्षी ९० मिनिटांत १०० प्रश्न होते आणि त्यातले ४० एकट्या इंग्रजीचे, रिझनिंगपेक्षाही जास्त. त्यामुळे इंग्रजीला दिलेला वेळ वाया जाणार नाही. पॅटर्न मात्र दर वर्षीच्या माहिती पुस्तिकेत स्वतः बघायचा, कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

प्रश्न : एका नामाच्या आधी तीन-चार विशेषणं आली की त्यांचा क्रम कसा लावायचा? मत, आकारमान, वय, आकार, रंग, ठिकाण, मटेरियल, उपयोग असा क्रम पाठ केलाय पण पेपरात गोंधळ होतो. (बीकॉम सोडून बीएमएस करायचं ठरवलेला विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : क्रम बरोबर पाठ केलायस. गोंधळ होतो कारण आठ कप्पे एकदम डोक्यात धरून ठेवणं अवघड आहे, त्यामागचं तत्त्व समजलं की कप्पे मोजावे लागत नाहीत. जो गुण वस्तूपासून सुटा करता येत नाही तो नामाला चिकटून बसतो आणि जो आपल्या मनाचा आहे तो सगळ्यात लांब जातो. साडी रेशमाची आहे हे बदलणार नाही म्हणून सिल्क शब्द सारीच्या लगेच आधी, सुंदर आहे हे माझं मत म्हणून ब्युटिफुल सगळ्यात पुढे, मधे वय आणि रंग : अ ब्युटिफुल ओल्ड पर्पल सिल्क सारी. आता हेच मराठीत म्हणून बघ, "सुंदर जुनी जांभळी रेशमी साडी". क्रम तोच आला! "रेशमी जांभळी जुनी सुंदर साडी" म्हटलं तर कानाला खटकतं. "नवी तपकिरी कोल्हापुरी चामडी चप्पल" आणि न्यू ब्राउन कोल्हापुरी लेदर सँडल्स, परत तोच क्रम. म्हणून पर्याय मनातल्या मनात मराठीत वाचून बघायला हरकत नाही, बऱ्याच वेळा कान बरोबर सांगतो, फक्त मराठीत जोर देण्यासाठी आपण एखादं विशेषण पुढे ओढतो तेव्हा कानावर पूर्ण भिस्त ठेवू नकोस आणि शेवटी मटेरियल-ठिकाण-रंग एवढं नामाकडून उलटं तपासून घे. संख्या असेल तर ती या सगळ्यांच्या आधी, आणि पहिला-दुसरा असा शब्द असेल तर तो संख्येच्याही आधी, द फर्स्ट थ्री पेजेस, "थ्री फर्स्ट पेजेस" नाही, जसं आपण "पहिली तीन पानं" म्हणतो.

प्रश्न : मी साताऱ्याचा आहे, सैन्यदलासाठीची एनडीए परीक्षा देतोय. स्पॉटिंग एररमध्ये, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात, तुलनेची वाक्यं आली की मला सगळीच वाक्यं बरोबर वाटतात. क्लासचे सर म्हणतात सराव कर, सराव करतोय पण चुका त्याच होतात.

उत्तर : त्याच चुका होतायत ही खरं तर चांगली खूण आहे, म्हणजे चुकीचं कारण एकच आहे आणि ते सापडू शकतं. कारण आहे आपलं "पेक्षा". मराठीत तुलना करायची तर विशेषण जसंच्या तसं राहतं, "पेक्षा" लावलं की काम झालं : राम शामपेक्षा उंच आहे. विशेषणाचं रूप बदलायची आपल्याला सवय नाही. तशी रूपं आपल्याकडे संस्कृतातून आलीत, उच्च, उच्चतर, उच्चतम, प्रियतम, पण ती बोलण्यात फार येत नाहीत. इंग्रजीत मात्र रूपही बदलतं आणि दॅनही लागतं, आणि मग आपण घाईत दोन्हीकडून तुलना करून बसतो, मोर बेटर, मोर टॉलर. एकाच वाक्यात मोर आणि ईआर दोन्ही दिसले की तिथे एरर आहे हे डोळे मिटून धर.

दुसरा सापळा सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर या शब्दांचा. आपण म्हणतो "तो माझ्यापेक्षा सीनियर आहे" म्हणून इंग्रजीत दॅन येतं, पण हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेले आहेत, शेवटी ईआर नाही तर आयओआर आहे, आणि यांच्यापुढे टू लागतं : ही इज सीनियर टू मी. मोर सुपीरियर म्हणणंही चूक, तुलना आतच आहे. प्रेफरेबल पण याच रांगेत, पुढे टू. आणि एल्डरनंतर दॅन येत नाही, वय सांगून तुलना करायची असेल तर ओल्डर दॅन.

तिसरा सापळा मला सगळ्यात फसवा वाटतो कारण मराठीत ते वाक्य शंभर टक्के बरोबर असतं. "मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे." आपल्याला कळतं की पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा. इंग्रजीत द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज ग्रेटर दॅन पुणे असं लिहिलं तर लोकसंख्येची तुलना शहराशी झाली आणि तो एरर आहे, दॅन दॅट ऑफ पुणे पाहिजे. दॅन दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, दोन्ही बाजूला एकाच जातीची गोष्ट आहे का?

चौथा, एनी अदर. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र, हे चूक, कारण कळसूबाई स्वतः महाराष्ट्रात आहे आणि ती स्वतःपेक्षा उंच कशी असेल? हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र पाहिजे. पण कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा, इथे अदर नको, कारण ती गोव्यात नाहीच. हा फरक एकदा समजला की नुसता लॉजिकचा प्रश्न आहे, इंग्रजीचा राहतच नाही. हेच वाक्य डिग्री बदलून दिलं तर नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई. आणि वन ऑफ द नंतर सुपरलेटिव्ह, म्हणजे "सगळ्यात"चं रूप, आणि नाम अनेकवचनी : साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स, पीक नाही, आणि क्रियापद मात्र एकवचनी कारण विषय एका शिखराचा आहे.

युनिक, परफेक्ट, आयडियल यांच्याआधी परीक्षेच्या व्याकरणात मोर, मोस्ट घालत नाहीत, एकमेव म्हणजे एकमेवच. बोलताना लोक घालतात ते वेगळं. सराव कर पण आता असा कर, चुकलेलं प्रत्येक वाक्य आधी मराठीत लिही आणि मराठीतलं काय तिकडे जसंच्या तसं गेलं ते अधोरेखित कर. महिनाभर हे मनापासून केलंस तर मला खात्री आहे तुझ्या चुका चार-पाच प्रकारांत बसतील.

प्रश्न : आय अ‍ॅम बोअरिंग का चूक? (तिघांनी विचारलंय, म्हणून एकदाच)

उत्तर : वाक्य चूक नाही, पण त्याचा अर्थ "मी कंटाळवाणा माणूस आहे" असा होतो. मराठीत हा फरक स्पष्ट आहे, "कंटाळवाणा" म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणारा आणि "कंटाळलेला" म्हणजे ज्याला कंटाळा आला. बोअरिंग पहिला, बोअर्ड दुसरा. थकवणारा टायरिंग, थकलेला टायर्ड. गोंधळात टाकणारा कन्फ्यूझिंग, गोंधळलेला कन्फ्यूझ्ड. आपण बोलताना "मला बोअर होतंय" म्हणतो तिथून हा घोळ सुरू होतो. मराठीत "लेला" बसतोय तिथे ईडी, असं म्हणून बघ, बहुतेक वेळा उत्तर मिळेल.

प्रश्न : मी नागपूरची. लॉच्या प्रवेशासाठी क्लॅट देतेय. माझे सुटे सिनॉनिम, म्हणजे समानार्थी शब्द, चांगले आहेत पण पॅसेजखाली "लेखकाचा टोन (सूर) काय आहे" असं विचारलं की चारही विशेषणांचा अर्थ माहिती असूनही चुकते.

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला कारण विशेषणांचा खरा उपयोग इथेच आहे. क्लॅटनं २०२० पासून सुटे शब्द विचारणं सोडून उताऱ्यांवर भर दिलाय, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नात शब्दाचा अर्थ माहिती असणं ही फक्त सुरुवात असते.

टोनच्या प्रश्नात आधी शब्द बघायचेच नाहीत. उतारा वाचून झाला की स्वतःला विचार, लेखक या विषयाच्या बाजूनं आहे, विरोधात आहे की दोन्ही नाही? मग पर्यायांना तशाच तीन ढिगांत टाक. अ‍ॅडमायरिंग, लॉडेटरी, ऑप्टिमिस्टिक एका बाजूला, क्रिटिकल, स्केदिंग, सिनिकल दुसऱ्या बाजूला, ऑब्जेक्टिव्ह, न्यूट्रल तिसऱ्या. सहसा दोन पर्याय इथेच गळतात. उरलेले दोन एकाच ढिगातले असतात आणि तुझी चूक तिथे होत असणार, कारण त्यांचा मराठी अर्थ साधारण सारखा निघतो.

आता हे जोड नीट बघ. स्केप्टिकल आणि सिनिकल. स्केप्टिकल माणूस म्हणतो पुरावा दाखव मग मानतो, सिनिकल माणसाचा लोकांच्या हेतूवरच विश्वास नाही, पुरावा दाखवला तरी म्हणेल यात यांचा काहीतरी फायदा असणार. अ‍ॅम्बिव्हलंट आणि इंडिफरंट. अ‍ॅम्बिव्हलंट म्हणजे द्विधा, दोन्ही बाजू मनात ओढतायत, इंडिफरंट म्हणजे देणंघेणं नाही. जो लेखक एका परिच्छेदात कौतुक करतो आणि पुढच्यात शंका काढतो त्याला इंडिफरंट म्हणता येईल का? ज्याला देणंघेणं नाही तो इतकं लिहिणार नाही. क्रिटिकल आणि स्केदिंग, दोन्ही टीकाच पण स्केदिंग म्हणजे सालटं काढणारी. उताऱ्यात "काही त्रुटी आहेत" असा सूर असेल तर स्केदिंग जास्त होतं. नॉस्टॅल्जिक आणि मेलन्कली, पहिल्यात जुन्याची ओढ आहे, दुसऱ्यात नुसती उदासी, जुनं असेल किंवा नसेल.

आणि टोकाच्या विशेषणाला पुरावा मागायची सवय लाव. स्केदिंग म्हणायचं तर उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावर बोट ठेवशील? डिझॅस्टर, शेमफुल, असं काही आहे का? बोट ठेवता आलं नाही तर सौम्य पर्याय घे.

सरावासाठी मी एक सांगते आणि हे खरंच कर. रोज मराठी पेपरचा एक अग्रलेख घे, मराठीच, आणि त्याचा सूर एका मराठी विशेषणात लिही : उपरोधिक, खोचक, समतोल, कळकळीचा, भावुक, उपदेशकी. आपण जन्मापासून मराठीत टोमणे ऐकतोय त्यामुळे सूर ओळखणं तुला येतंच. मग त्या विशेषणाचा इंग्रजी जोडीदार शोध, उपरोधिक आयरॉनिक, खोचक सारकॅस्टिक, समतोल बॅलन्स्ड, उपदेशकी डायडॅक्टिक. दोन आठवड्यांनी हेच इंग्रजी अग्रलेखावर. सूर ओळखणं आणि इंग्रजी शब्द शोधणं ही दोन वेगळी कामं तू एकदम करायला जातेयस म्हणून घसरतेयस असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय.

प्रश्न : आम्ही इंदूरचे, घरात मराठी, मुलगा सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणार. विरुद्धार्थी शब्दांत त्याला शब्द येत नसला तर तो प्रश्न सोडतो कारण मायनस मार्किंग आहे. सोडावा की अंदाज करावा?

उत्तर : ताई, आधी हिशोब बघा. सीयूईटीत बरोबरला ५ मिळतात आणि चुकीचा १ जातो. चारातले तीन पर्याय चुकीचे, म्हणजे काहीही न कळता टिक केलं तरी सरासरीनं थोडा फायदाच पडतो, आणि एखादा पर्याय जरी काढून टाकता आला तर फायदा दुप्पट होतो. एनडीएत असं नाही, तिथे इंग्रजीच्या प्रश्नाला ४ आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश कट, म्हणजे आंधळ्या अंदाजात सरासरी शून्य. म्हणून तिथे पर्याय काढता येत असतील तरच हात लावायचा.

आणि पर्याय काढता येतात, शब्द माहिती नसला तरी. त्याला शब्दाचं डोकं बघायला शिकवा. अन, इन, डिस, आणि इनचीच बदललेली रूपं, एलच्या आधी इल म्हणून इल्लिगल, आरच्या आधी इर म्हणून इरेग्युलर, एम आणि पीच्या आधी इम म्हणून इम्मॅच्युअर, इम्पोलाइट. आपल्याकडेही व्यंजनाआधी अ आणि स्वराआधी अन् होतो, अशक्य पण अनपेक्षित. बेनी दिसलं की चांगलं, मॅल दिसलं की वाईट : बेनेव्होलंट परोपकारी, मॅलेव्होलंट दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. एवढ्यानं न वाचलेल्या शब्दाची बाजू तरी कळते.

फक्त काही शब्द फसवतात आणि परीक्षकांना तेच आवडतात, ते वेगळे पाठ करावेच लागतील. इनव्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नाही, किंमत करता न येणारं, आपलं "अनमोल" बनलंय तसंच. इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, फ्लेमेबल आणि ते एकच. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, आणि ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही, मी एसटीत कंडक्टर आहे. सगळे म्हणतात घरात इंग्रजी वातावरण पाहिजे. ते आम्ही कुठून आणणार? (धाराशिव)

उत्तर : दादा, घरात जी मराठी आहे ती भरपूर आहे, ती कमी करू नका. वर जालन्याच्या मुलीला लिहिलंय ते वाचा, शब्दांमधले बारीक फरक मुलांना आधी आपल्या भाषेतच कळतात आणि ज्याला ते मराठीत कळतात त्याला इंग्रजीतले शिकायला वेळ कमी लागतो. तुम्ही तिला एक मदत नक्की करू शकता. तिच्या वहीत एका बाजूला मराठीत "मुसळधार पाऊस, दाट धुकं, जुना मित्र, धारदार चाकू" असं लिहिलेलं असू दे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ड्यूटीवरून आल्यावर दहा मिनिटं तुम्ही मराठी बाजू वाचा आणि ती इंग्रजी सांगेल, अडली तर पान उलटून तिनंच बघायचं. जिथे अडली तिथे पेन्सिलनं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त खुणेचे विचारा. याला तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही आणि आठवून सांगण्याचा सराव तिला मिळतो, जो एकटीनं वाचताना होत नाही. महागडा स्पोकन क्लास आत्ता लगेच लावायलाच पाहिजे असं मला वाटत नाही, ज्या प्रवेश परीक्षांबद्दल आपण बोलतोय त्यांच्या पेपरात बोलायचं नसतं. कॉलेजच्या लायब्ररीत शाळकरी मुलांसाठीची चांगली इंग्रजी-मराठी डिक्शनरी असेल, ती तिनं वापरावी.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

फ्यू आणि अ फ्यू मध्ये फरक आहे का? आहे. फ्यू फ्रेंड्स म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू फ्रेंड्स म्हणजे थोडे आहेत. लिटल आणि अ लिटल तसंच, पण मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी, अ लिटल वॉटर. अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज मोजता येत नाहीत, त्यांच्याआधी मेनी किंवा फ्यू आलं की चूक.

"गरिबांना मदत करा" याचं हेल्प द पुअर्स असं करतात ते बरोबर का? नाही, इंग्रजी विशेषणाला एस लागत नाही. द पुअर म्हटलं की गरीब लोक असा अर्थ आला, आणि क्रियापद अनेकवचनी, द पुअर आर.

अ फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय? इयर्स नको, अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय. "पाच वर्षांचा" मुळे आपण अनेकवचन करतो, पण दुमजली घर, तीनपदरी हार म्हणताना आपणही मजले आणि पदर अनेकवचनी करत नाही ना, तसंच. अ टू-अवर पेपर, अ टेन-रुपी नोट.

द मँगो टेस्ट्स स्वीटली बरोबर वाटतं, क्रियापदानंतर अ‍ॅडव्हर्ब येतं ना? टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड ही क्रियापदं इथे आंब्याबद्दल सांगतायत, चाखण्याच्या क्रियेबद्दल नाही, म्हणून विशेषण, टेस्ट्स स्वीट. आणि एलवाय असलेला प्रत्येक शब्द अ‍ॅडव्हर्ब नसतो, फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली ही विशेषणं आहेत.

अ‍ॅन अस्लीप चाइल्ड का चालत नाही? अस्लीप, अफ्रेड, अलाइव्ह, अवेक हे शब्द नामाच्या आधी येत नाहीत, क्रियापदानंतर येतात, द चाइल्ड इज अस्लीप. नामाच्या आधी पाहिजे असेल तर अ स्लीपिंग चाइल्ड, अलाइव्हच्या जागी लिव्हिंग, अफ्रेडच्या जागी फ्राइटन्ड.

लेटर आणि लॅटर? बोलायला जवळ, लिहिताना एक टी आणि दोन टी. एक टीचा लेटर वेळेसाठी, नंतरचा. दोन टीचा लॅटर दोघांपैकी दुसरा, आणि तिघं असतील तर तो वापरायचाच नाही, तिथे लास्ट.